शनिवारचं आयर्लंड

पुढच्या महिन्यात माझं सहस्रचंद्रदर्शन आहे. मुलानं इथे ऑस्ट्रेलियात, आमच्या गुंगालिनमधला एक हॉल ठरवला आहे, जेवणाची ऑर्डर गेली आहे, आणि सून म्हणाली आहे की त्या दिवशी ती माझ्याबद्दल बोलणार. काय बोलणार तेही तिनं सांगून टाकलं. साथीच्या वर्षी तिचे वडील आयर्लंडमध्ये आजारी होते आणि तिच्यापासून ते लपवत होते. इथे हजारो मैलांवर बसून ते फक्त माझ्या लक्षात आलं. बाबांची नजर नसती तर मला ऑपरेशन झाल्यावरच कळलं असतं, हे तिचं वाक्य.

हे वाक्य आमच्या घरात आल्यागेल्याला ऐकवलं जातं. मी त्या वेळी चहाच्या कपात पाहत असतो आणि लोकांना तो माझा विनय वाटतो. घरातल्या घरात ते चालून गेलं. पण आता ते मायक्रोफोनवरून, शंभरेक माणसांसमोर, माझ्या गळ्यात हार असताना बोललं जाणार. म्हणून हे लिहितो आहे. सुनेनं कार्यक्रमाच्या आधी वाचावं आणि मग काय बोलायचं ते ठरवावं.

सुरुवात गुडघ्यापासून करायला हवी.

परदेशात मुलं असलेल्या घरांत आईवडिलांची पाळी असते. सहा महिने मुलाचे आईवडील, मग सहा महिने मुलीचे. कुठे लिहिलेलं नसतं, पण सगळे पाळतात. आमच्या घरीही तसंच ठरलं होतं. माझी सून साताऱ्याकडची. तिची आई लग्नाआधीच गेली. वडील एसटीत वाहतूक नियंत्रक होते, म्हणजे स्टँडवरच्या खिडकीत बसून गाड्या लावणारे आणि माइकवरून पुकारणारे. सून त्यांना अण्णा म्हणते, म्हणून माझी नातही अण्णाच म्हणते. मी आजोबा. जगातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला आजोबा म्हणता येतं. अण्णा मात्र तिला एकच होते. हे मला पहिल्यापासून टोचायचं.

त्या वर्षी मार्चमध्ये आमची पाळी संपत होती आणि अण्णांची सुरू होत होती. नात तेव्हा आठ वर्षांची होती. डिसेंबरातच तिनं फ्रिजवर एक विमान काढून लावलं आणि त्याच्या खिडकीत मिशा असलेला एक चेहरा काढला. मला मिशा नाहीत. आम्ही तिच्याकडे चार महिने राहत होतो, मी तिला रोज शाळेच्या बसपर्यंत सोडत होतो, आणि ती विमानाची वाट पाहत होती.

जानेवारीत मी म्हणालो की माझा गुडघा दुखतो आहे. इतका वेळ विमानात पाय मुडपून बसवणार नाही, दोनएक महिने जाऊ द्या. गुडघा दुखत नव्हता. माझ्या गुडघ्यांना तेव्हाही काही झालेलं नव्हतं आणि आजही काही नाही. मुलानं तिकिटं पुढे ढकलली. बायकोला शंका आली असावी, कारण तिनं गुडघ्याला लावायला तेल मात्र कधी काढून दिलं नाही.

सुनेनं अण्णांना सांगितलं, तरीही तुम्ही या, हॉलमध्ये गादी घालू. अण्णा म्हणाले, मुलाकडचे घरात असताना मी यायचं नाही, बरं दिसत नाही. ते जुन्या वळणाचे आहेत. मुलीच्या घरी पाहुण्यासारखं राहावं, आणि तिचे सासूसासरे असतील तर तेवढंही नाही, हे त्यांच्यात मुरलेलं. मी ते ओळखून होतो. गुडघा दुखायला लागला तेव्हा माझ्या मनात हेच होतं.

त्यांची धाकटी मुलगी आयर्लंडमधल्या एका लहानशा गावात असते, वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यात. ती म्हणाली, ताईकडे जायला अवकाश आहे तर तोवर माझ्याकडे या. अण्णा फेब्रुवारीत तिच्याकडे गेले. मार्चमध्ये ऑस्ट्रेलियानं सीमा बंद केल्या. आम्ही गुंगालिनमध्ये अडकलो आणि अण्णा त्या गावात.

पाडव्याला व्हिडिओ कॉल झाला. आम्ही सगळे खाली चटईवर जेवायला बसलो होतो, श्रीखंड-पुरी होती, आणि फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता. अण्णा पडद्यावरून एकेकाची चौकशी करत होते. मला म्हणाले, "व्याही, गुडघा कसा आहे?" मी म्हणालो, "आहे तसाच." ते पडद्याकडे जरा वाकून पाहत राहिले. मग नातीला म्हणाले, "शाळा बंद, मग शनिवारी काय करतेस तू?"

तिथून ते शनिवार सुरू झाले.

आमच्याकडे संध्याकाळचे सात म्हणजे त्यांची सकाळ. कॉल लागला की अण्णा स्टँडवरच्या आवाजात पुकारायचे, "शनिवारची गाडी फलाट क्रमांक एकवर लागलेली आहे. प्रवाशांनी आपापल्या जागा घ्याव्यात." नात कुशन घेऊन खाली बसायची आणि आपल्या इंग्रजी वळणाच्या मराठीत म्हणायची, "कंडक्टर, एक हाफ." मग अण्णा फोन समोर धरून चालायला लागायचे.

त्या गावाच्या चौकात पर्यटकांसाठी एक मोठा रंगीत फलक होता. गावात आणि आसपास काय काय पाहायचं, ते चित्रांसकट. पर्यटक कोणी येत नव्हते. माहिती कार्यालयाला कुलूप, होड्या भाड्यानं देणाऱ्याचं दार बंद. त्या वर्षी त्या गावाला एकच पर्यटक होता आणि तो आमचा व्याही. सुरुवातीला घरापासून दोनच किलोमीटर जायची परवानगी होती, मग पाच झाली. तेवढ्यातच त्यांनी ते सगळं बसवलं.

पहिल्यांदा त्यांनी कालवा दाखवला. गावाच्या कडेनं जुना कालवा जातो आणि त्याच्या काठानं पायवाट. पूर्वी त्या वाटेवरून घोडे चालायचे आणि दोरानं होड्या ओढायचे. एके ठिकाणी कालव्याला काळे लाकडी दरवाजे होते. होडी आत घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, पाणी सोडायचं, होडी पाण्याबरोबर वर चढते, मग पुढचा दरवाजा उघडायचा. अण्णांनी ते इतकं रंगवून सांगितलं की नातीनं दुसऱ्या दिवशी बाथटबमध्ये पोळपाट उभा धरून तसाच प्रयोग केला. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. मला तिनं बाथटबकडे बोलावलंही नाही.

मग एक मोडका मठ आला. छप्पर गेलेलं, भिंती उभ्या, खिडकीच्या कमानीतून आकाश, आणि आत थडग्यांच्या दगडांमधून फिरणारे कावळे. एका दगडावर कुणीतरी कोरलेला चेहरा होता, जीभ बाहेर काढलेला. पुढच्या एका शनिवारी दलदल. मैलभर तपकिरी, भिजल्या चादरीसारखी जमीन आणि तिच्यावरून लाकडी फळ्यांची वाट. फळीवर अण्णांनी उडी मारून दाखवली आणि आजूबाजूची जमीन हलली. तिथले लोक त्या जमिनीच्या विटा कापून वाळवतात आणि चुलीत घालतात. "आपल्या गोवऱ्या रचतात तशा रचल्यात बघ," ते म्हणाले. मग 'गोवऱ्या' म्हणजे काय ते नातीला समजावण्यात बाकीचा वेळ गेला. मी जवळच बसलो होतो. मलाही गोवऱ्या समजावता आल्या असत्या.

किल्ल्याला कुलूप होतं तर त्यांनी फाटकाच्या गजांतून फोन आत घालून दाखवला. तळ्यावर होड्या उपड्या घालून ठेवल्या होत्या आणि मध्ये बेटावर एक बुरूज. आणि एकदा एक झरा दाखवला. त्याच्या काठावर काटेरी झाड आणि झाडाला चिंध्या बांधलेल्या. लोक तिथे नवस बोलतात आणि चिंधी बांधतात. अण्णांनी खिशातला रुमाल काढून त्याची पट्टी फाडली आणि नातीच्या नावानं बांधली. "काय मागितलं?" तिनं विचारलं. "ते सांगायचं नसतं," ते म्हणाले. पण तिला कळलं होतं, आणि मलाही.

प्रत्येक ठिकाणाचं ती रविवारी चित्र काढायची आणि फ्रिजवर लावायची. जूनपर्यंत फ्रिजचा पांढरा रंग दिसेनासा झाला. मला दूध काढायला दार उघडावं लागे तेव्हा कालवा, मठ, दलदल असं सगळं आयर्लंड माझ्या तोंडासमोर यायचं.

मी काही स्वस्थ बसलो नव्हतो. आमच्याकडे कडक टाळेबंदी फार थोडे दिवस होती. घरामागे तळं आहे, त्याला फरसबंद वाट आहे, काळे हंस आहेत. पलीकडच्या टेकडीवर संध्याकाळी कांगारू येतात. मी नातीला म्हणायचो, चल, आपण फिरून येऊ. ती म्हणायची, "नॉट टुडे, आजोबा." एकदा मी तिला सांगितलं की काळे हंस जगात मूळचे फक्त इथलेच, आयर्लंडमध्ये पांढरेच. ती वर न पाहता म्हणाली, "इट्स जस्ट द पाँड, आजोबा."

बायको कणीक मळत होती. म्हणाली, "अहो, तिला हंस नकोत, फलाट क्रमांक एक हवाय. तुम्ही पण एखादी गाडी पुकारा."

मी एकदा पुकारूनही पाहिली, हे इथे लिहूनच टाकतो. तळ्याकडे निघालेली गाडी, असं काहीतरी. नातीनं मान वर केली, माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि म्हणाली, "दॅट्स अण्णाज थिंग."

ऑगस्टच्या शेवटी अण्णांनी पद्धत बदलली. गावाबाहेर नेटवर्क नीट मिळत नाही म्हणाले. ते आधी व्हिडिओ पाठवायचे, आम्ही टीव्हीवर लावायचो आणि ते फोनवरून नुसते बोलायचे. त्यांचा कॅमेरा बंद असायचा. गाडी पुकारणं चालूच होतं, पण बोलता बोलता ते मध्येच थांबायचे. नातीला ती गंमत वाटायची, ती पुढचं ऐकायला आणखी पुढे सरकायची. मला वाटायचं, काय नाटकी माणूस आहे, कुठे थांबायचं हे बरोबर कळतं याला. आजार मी ओळखला असं जे म्हणतात, त्याचं खरं रूप एवढंच. त्यांना दम लागत होता आणि मला त्यांच्या कलेचा हेवा वाटत होता.

ऑक्टोबरातला एक शनिवार. आमच्याकडे वसंत ऐन भरात होता. गुंगालिनच्या गल्ल्यांतून दोन्ही बाजूंची झाडं पांढऱ्या-गुलाबी फुलांनी भरली होती, फुटपाथवर पाकळ्यांचा सडा. टीव्हीवर अण्णांनी पाठवलेला कालवा लागला. पहिल्या वेळचाच कालवा, पण आता काठाचं कुंपण पांढऱ्या फुलांनी वाकलेलं होतं, पाण्यात त्याचं प्रतिबिंब, आणि दोन हंस. नात ओरडलीच, "सेम अॅज आवर स्ट्रीट." बायको म्हणाली, "अगंबाई, तिकडेही वसंत आलाय." सुनेनं मान डोलावली. मुलगा मोबाइलमध्ये होता. माणूस खिडकीबाहेर जे दिसतं तेच सगळ्या जगात चाललं आहे असं धरून चालतो. इथे राहणाऱ्या आपल्या लोकांचं तर फारच होतं. दिवाळी उन्हाळ्यात, संक्रांत भर उन्हात, कुठला महिना कुठला ऋतू हे विचारणंच आम्ही सोडून दिलं आहे.

मी मात्र पस्तीस वर्षं फळ्यावर पृथ्वीचा कललेला आस काढला होता. ऑक्टोबरात आयर्लंडमध्ये पानगळ असते. ती फुलं मे महिन्यातली होती.

मला ते लगेच कळलं आणि मी लगेच बोललो नाही. हे महत्त्वाचं आहे. मी तिला पूर्ण खूश होऊ दिलं. अण्णा फोनवर सांगत होते की आज सकाळी या वाटेनं येताना केवढा वास येत होता. 'आज सकाळी' हे शब्द त्यांनी उच्चारले आणि माझ्या मनात एखादं कुलूप निघावं तसं झालं. मला वाटलं, सापडला. माझा अंदाज होता की हा गृहस्थ घरात लोळत पडून जुनं दळण दळतो आहे आणि माझी नात त्याच्यासाठी कुशन घेऊन बसते आहे.

मी शांतपणे विचारलं, "अण्णा, ऑक्टोबरात तुमच्याकडे फुलं कशी?"

ते म्हणाले, "यंदा जरा उशिरा..."

"उशीर म्हणजे पाच महिने?" मी म्हणालो. मग मी टोपलीतून एक संत्रं घेतलं, मुलाच्या टेबलावरचा दिवा लावला, आणि नातीला समोर बसवून संत्रं तिरकं धरून दिव्याभोवती फिरवलं. इथे आपण, इथे अण्णा. आपल्याकडे उजेड जास्त तेव्हा त्यांच्याकडे कमी. आपल्याकडे फुलं तेव्हा त्यांच्याकडे पानं गळतात. तिनं एकदाही नजर हलवली नाही. माझ्या सगळ्या नोकरीत मी इतका चांगला तास घेतला नव्हता.

ती उठून फोनपाशी गेली. "अण्णा, व्हेन डिड यू टेक धिस?"

पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता, आणि तो श्वास सुनेच्या कानाला तेव्हा पहिल्यांदा लागला. तिनं फोन उचलला आणि म्हणाली, "अण्णा, कॅमेरा लावा." ते म्हणाले, अगं नेटवर्क. ती म्हणाली, "अण्णा, कॅमेरा लावा आधी."

कॅमेरा लागला. पाठीशी तीन उशा, दाढी वाढलेली, मिशा पांढऱ्या आणि चेहरा निम्मा झालेला. नाकाशी बारीक नळी होती. धाकटी मुलगी बाजूनं पुढे आली आणि रडत म्हणाली की ताई, अण्णांनीच सांगू नको म्हणून बजावलं होतं. हृदयाची झडप खराब झाली होती. जिना चढवत नव्हता, डब्लिनला ऑपरेशन करायचं होतं, तारीख मिळत नव्हती. सुनेला इथून बाहेर पडायला परवानगी मिळणं कठीण, तिला कशाला घोर, असं त्यांनी ठरवलं होतं. शनिवारची ठिकाणं ते आधी एकदा जाऊन पाहून यायचे आणि फोनवर टिपून ठेवायचे, रंगीत तालीम म्हणून. एप्रिल-मेमधल्या त्या साठ्यातून एकेक पाठवत होते. कालवा शेवटचा होता. त्यांच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं.

त्या गदारोळात नातीकडे कोणाचं लक्ष नव्हतं. माझं होतं. ती म्हणाली, "सो इट वॉज फेक." मग फ्रिजकडे गेली, चुंबकं एकेक करून काढली, चित्रं गोळा केली आणि बाहेरच्या पिवळ्या झाकणाच्या, रद्दीच्या बिनमध्ये टाकून आली. दलदल, मठ, किल्ला, सगळं. मी खुर्चीतून उठलो नाही. नंतर बायकोनं ती बिनमधून काढली आणि आमच्या गादीखाली सपाट करून ठेवली. मला म्हणाली, "संत्रं तेवढं खाऊन टाका आता."

सूनबाई, तू त्या दिवशी माझ्या पाया पडलीस. बाबा, तुम्हाला कसं कळलं, म्हणालीस. मी म्हणालो, शंका आली. शंका अण्णांच्या प्रकृतीची नव्हती.

आता जे लिहायचं आहे ते याहून वाईट आहे आणि ते कोणालाच माहीत नाही, एका माणसाखेरीज.

पुढचे काही शनिवार नात फोनवर आली नाही. कॉल आला की खोलीत जायची. आणि त्यातल्या पहिल्याच शनिवारी संध्याकाळी, मी न विचारता, ती म्हणाली, "आजोबा, पाँड?" आम्ही तळ्याला गेलो. मग दुसऱ्या शनिवारी. मग मधल्या वारीही. तिनं मला एका फांदीवर ऊन खात बसलेली कासवं दाखवली. माझा हात धरून फरसबंदीच्या रेघा चुकवत चालली. टेकडीवर कांगारूच्या पोटातल्या पिशवीतून बाहेर आलेला एक लांब पाय आम्ही पाहिला आणि दोघं गवतात बसून हसलो. तो महिना माझ्या म्हातारपणातला सगळ्यात सुखाचा महिना होता. सून रोज पहाटे उठून बापाशी बोलत होती, परवानगीसाठी अर्ज करत होती, नकार येत होते, आणि मी सुखात होतो.

ऑपरेशनची तारीख मिळाली. अण्णांनी एकच गोष्ट मागितली, नातीचा आवाज. सुनेनं तिला समजावलं, रागावली, काही उपयोग झाला नाही. मग ती माझ्याकडे आली. म्हणाली, "बाबा, हल्ली ती तुमचंच ऐकते. तुम्ही सांगाल का तिला? दोन मिनिटं बोलली तरी पुरे." मी म्हणालो, "सांगतो."

आम्ही तळ्यावर गेलो. माझ्या तोंडाशी आलं होतं. ती पाण्यात खडे टाकत होती आणि कोणता खडा किती लांब गेला ते मला विचारत होती. मला स्वच्छ दिसत होतं की मी विचारलं तर ती हो म्हणेल. तिचा राग केव्हाच निवळला होता, तिला फक्त कोणीतरी म्हणायला हवं होतं. हो म्हटल्यावर काय होईल तेही दिसत होतं. पलीकडून एक थकलेला आवाज पुकारेल, गाडी लागली आहे म्हणून, आणि हे तळं पुन्हा नुसतं तळं होईल.

मी विचारलं नाही. घरी आल्यावर सुनेला बाजूला घेऊन सांगितलं, "नाही म्हणते गं. मुलांचं असं असतं. जबरदस्ती नको." सुनेनं डोळे पुसले आणि मलाच धीर दिला.

अण्णा तिचा आवाज न ऐकता ऑपरेशनला गेले.

ते वाचले. नात पुढे आपोआप बोलायला लागली, मुलं तशी असतात हे खरंच. पुढे सव्वाएक वर्षानं सीमा उघडल्या, त्या उन्हाळ्याच्या शेवटी ते आले. विमानांचा घोळ असल्यामुळे आम्ही निघायच्या आधीच आले, आणि या वेळी मुलाकडचे घरात असतानाही आले. बायकोनं गादीखालून चित्रं काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती वर्तमानपत्र चाळावं तशी एकेक पाहिली आणि दलदलीच्या चित्रावर थांबून म्हणाले, "गोवऱ्या छान आल्यात."

एका संध्याकाळी आम्ही तिघं तळ्यावर गेलो. अण्णांना मध्ये मध्ये थांबावं लागायचं. नात सायकलवर पुढे गेली आणि आम्ही दोघं बाकावर बसलो. मी म्हणालो, "अण्णा, त्या वर्षी तुमची पाळी मी खाल्ली. माझा गुडघा दुखत नव्हता."

ते तळ्याकडे पाहत म्हणाले, "माहीत आहे. पाडव्याला तुम्ही मांडी घालून जेवत होतात. फोन तांब्याला टेकवला होता ना, सगळं दिसत होतं. उठलात पण हात न टेकता."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं, व्याही? पोरीच्या घरात, सगळ्यांदेखत?"

त्यांनी पाहिलं आणि झाकलं. मी पाहिलं आणि दिवा लावून दाखवलं. मग मला वाटलं की ज्या माणसाला एवढं माहीत आहे त्याला बाकीचंही माहीत असेल, आणि मी ते सांगून टाकलं. ऑपरेशनच्या आधी नात नाही म्हणाली नव्हती. तिला कोणी विचारलंच नव्हतं. मी विचारलं नव्हतं.

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. हे त्यांना माहीत नव्हतं. एवढ्या वर्षांच्या सोयरिकीत त्यांचा असा चेहरा मी पाहिला नव्हता.

"हे नसतं सांगितलंत तर बरं झालं असतं," ते म्हणाले आणि बाकाला धरून उठले.

तिथून घरापर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. घरी मात्र सगळ्यांसमोर नेहमीसारखे वागले, मला पानाला पुढे बसवलं, मुलाकडचा मान दिला. त्यानंतर आजपर्यंत त्यांनी तो विषय काढलेला नाही आणि कोणाला सांगितलेलाही नाही. मी त्यांची वाट पाहत राहिलो की ते सांगतील आणि मी सुटेन. ते काही सांगणार नाहीत.

ते आता इथेच आहेत, माझ्या कार्यक्रमासाठी खास राहिले आहेत. नात तेरा वर्षांची झाली, माझ्या खांद्याला लागते. संध्याकाळी तळ्यावर जाताना ती अण्णांचं कोपर धरून चालते, कारण त्यांना दम लागतो. मी मागून चालतो. मला कोणी धरत नाही, धरायचं कारणच नाही. कधी कधी मनात येतं की आता तरी खरोखर गुडघा दुखावा. हे मी आज सकाळच्या मनातलं लिहितो आहे, जुन्या काळचं म्हणून नाही.

सूनबाई, वाचून झालं की हॉलवर काय बोलायचं ते तूच ठरव. काही न बोललीस तरी चालेल. नातीलाही हे कळायला हवं, की त्या वेळी तिच्या नावावर गेलेला नकार तिचा नव्हता. तिला देवनागरी वाचायला कष्ट पडतात, तेव्हा कोणीतरी वाचून दाखवावं लागेल. तू दाखव, किंवा तुझ्या नवऱ्याला सांग. अण्णांना मात्र वाचायला सांगू नकोस. ते वाचायला लागले की ती ऐकतच राहते, आणि मी लिहिलेलंही तिला त्यांच्याच आवाजात आठवेल.